हवेचा डबा आणि फौजीकाकांची गादी

सांगलीच्या त्या कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांतच मी ओरडले. शिकवणाऱ्या मुलीनं टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी ठेवली. तिच्यावर हिरवा दिवा लागला. मग तिनं काडेपेटीतली एक काडी ओढली आणि लगेच विझवली. दिसेल न दिसेल एवढा धूर. पण पेटीवरचा आकडा सरसर वर चढला, दिवा पिवळा झाला, मग लाल. "अगंबाई!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. तालुक्यातालुक्यांतून आलेले विज्ञानाचे शिक्षक माझ्याकडं वळून बघायला लागले. बघेनात का! वीस वर्षं मी फळ्यावर हवेचे घटक लिहितेय, नायट्रोजन एवढा, ऑक्सिजन एवढा, आणि हवेनं स्वतः तोंड उघडून काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

आत एक इवलासा पंखा असतो. तो हवा ओढतो. आत लेसरचा किरण असतो, धुळीचा कण त्याच्यासमोरून गेला की उजेड विखुरतो आणि पेटी तो उजेड मोजते. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात धूळ नाचताना दिसते ना, तेवढंच. पूर्वी हे मोजायचं तर मोठ्या शहरात मोठं यंत्र लागायचं, आता ते माझ्या पर्समध्ये मावत होतं! मी पेटी हातात घेतली ती सोडेचना. शेजारी आटपाडीचे एक गुरुजी होते, ते म्हणाले, "बाई, आमच्यासाठी पण ठेवा थोडी हवा." मी हसले, पण पेटी दिली नाही.

ती मुलगी आमच्या पोरांच्या वयाची, पण बोलायची ठासून. "एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. धुक्यात हा फुगतो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तीन-तीनदा घ्या, आणि तेव्हा आजूबाजूला काय चाललंय ते वहीत लिहा." मी जोरजोरात मान हलवली. खरं सांगायचं तर माझं निम्मंही लक्ष नव्हतं. आठ दिवस पेटी घरी न्यायला मिळणार होती आणि मला ती कशासाठी हवी हे पक्कं ठाऊक होतं. मला फौजीकाकांना पकडायचं होतं.

फौजीकाका म्हणजे आमच्या कडेगावच्या घरामागचे शेजारी. पलटणीतून निवृत्त होऊन आले त्याला आता किती वर्षं झाली कोण जाणे. आमच्या दुकानाची मागची खिडकी उघडली की त्यांचा उसाचा तुकडा, त्याच्यापलीकडं त्यांचा गोठा आणि घर. अब्बांचं गाद्यांचं दुकान. मशीनवर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या, आजोबांपासूनचा धंदा. अब्बा आणि फौजीकाका एकाच वयाचे, एकाच शाळेत नापास झालेले, आणि दोघंही एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा न पिणारे. दिवाळी झाली की हंगामाची पहिली गादी फौजीकाकांची. ते स्वतः डोक्यावर वळकटी घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "उस्ताद, बोहनी!" त्यांची गादी झाल्याशिवाय अब्बा दुसऱ्या कुणाच्या गादीचा टाका उसवायचे नाहीत. आणि ती गादी अब्बा दोनदा पिंजायचे. बाकीच्यांची एकदा, फौजीची दोनदा. आम्ही लहान असताना विचारलं तर म्हणायचे, "त्याची पाठ लष्कराची हाय, मऊच पायजे."

यंदा दिवाळी झाली, आणि फौजीकाका आलेच नाहीत. अब्बांनी आठवडाभर वाट बघितली, कुणाचंही काम हातात घेतलं नाही. मग एक दिवस चडफडत दुसऱ्याच गिऱ्हाइकाची गादी उसवली. वर्षभर त्यांना खोकला होताच, त्या दिवसांत तो फारच वाढला. डॉक्टर म्हणाले, धूळ-धुरापासून लांब राहा. आणि नेमकं त्याच आठवड्यात फौजीकाकांचा ऊस तुटून गेला आणि त्यांनी शेतातलं पाचट, उसाची वाळकी पानं, पेटवलं. काळी राख आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या पांढऱ्या अभ्र्यांवर! अब्बा कुंपणापाशी गेले आणि ओरडले, "गादी आणायला तुला सवड न्हाई, आन् मला धुरात मारायला हाय व्हय रं?" फौजीकाका काहीच बोलले नाहीत. नुसते बघत राहिले आणि आत निघून गेले. त्या न बोलण्याचा अब्बांना जास्त राग आला. मलाही.

मग अर्ज लिहायचं ठरलं. लिहिणार कोण, तर मीच! मागच्या शेतातल्या धुरानं म्हाताऱ्या माणसाचा जीव धोक्यात आलाय, तरी योग्य ती कारवाई व्हावी. सोमवारी तो कचेरीत द्यायचा होता. अम्मीला ते आवडलं नव्हतं. "आवं, अर्ज एकदा गेला की तो माणूस आपल्या दारात पाय ठेवायचा न्हाई," ती अब्बांना म्हणाली. "मयतालासुदिक यायचा न्हाई." अब्बा म्हणाले, "न येऊ दे." मी तर म्हटलं, अर्जाला पुरावा जोडू. माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की मी कुणाचं ऐकत नाही, हे आमच्या शाळेतल्या शिपायालाही माहीत आहे.

म्हणून ती पेटी. सांगलीहून एसटीत बसले आणि मांडीवर पेटी चालू करून ठेवली. गाडी सुटली, हिरवा. पुढं ट्रॅक्टर आला, पिवळा. गाडी फाट्यावर थांबली आणि भजीवाल्याच्या कढईचा धूर खिडकीतून आला, लाल! मी एकटीच हसत होते. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. "बाई, काय शिजतंय का त्याच्यात?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं, अगदी लेसरसकट. त्यानं लगेच पेटी इंजिनाजवळ धरून बघितली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दादा, तुमी लय वंगाळ हवा खाता!" अर्धी गाडी माझ्याभोवती जमली. घरी पोचेपर्यंत माझा घसा बसला होता.

घरी आल्यावर मी पेटी घेऊन सगळीकडं फिरले. न्हाणीघरातल्या बंबापाशी, मोरीपाशी, गॅसवर फोडणी टाकताना. मोहरी तडतडली आणि दिवा लाल झाला तेव्हा अम्मी म्हणाली, "आता फोडणी पण बंद करायची व्हय?" मी म्हटलं, अम्मी, ही आपली साक्षीदार आहे, हिच्यावर हसायचं नाही. अब्बा लांबूनच बघत होते. पेटी त्यांना काही फारशी पटलेली नव्हती. "हवा म्हंजे काय कापूस हाय का, तोलायला?" असं म्हणून ते कामाला लागले.

गुरुवारी संध्याकाळी माझी लॉटरी लागली. फौजीकाकांनी उरलेल्यातलं थोडं पाचट पेटवलं. मी पेटी दुकानाच्या मागच्या खिडकीत ठेवली आणि धावत गच्चीवर गेले, जाळाचा फोटो काढायला. ज्वाळा, धूर, त्यात काठी घेऊन उभे फौजीकाका, सगळं एका फोटोत! मग पाच-पाच पायऱ्या उड्या मारत खाली आले, आणि बघते तर काय, दिवा लालभडक आणि आकडा सांगलीच्या काडीच्या दसपट. आकड्याचा फोटो काढला. अर्ज काढला आणि लाल शाईनं त्यात तो आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. "अब्बा, सापडले!" मी ओरडले. अब्बांनी आकडा वाचला, खोकले, आणि म्हणाले, "शाबास." अब्बांच्या तोंडून शाबासकी म्हणजे बोर्डात येण्यासारखं. मी त्या रात्री अगदी शांत झोपले.

शुक्रवारी शाळा सकाळची होती. म्हटलं, एक आकडा बरा, दोन आकडे आणखी बरे. दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले, मशीन बंद होतं. पलीकडं कालचं पाचट अजून धुमसत होतं, वारंही आमच्याकडंच होतं, माझे डोळे चुरचुरत होते. पेटी खिडकीत ठेवली. दिवा पिवळा. मी वाट बघितली. पिवळाच! मी पेटीला चापट मारली, फुंकर मारली, उलटी करून हलवली. धूर डोळ्यांसमोर दिसतोय आणि ही बया पिवळ्याच्या वर जायला तयार नाही. तेवढ्यात अब्बा आले, टोपी खुंटीला लावली आणि मशीन सुरू केलं. एका जुन्या गादीचा गाठाळलेला कापूस आत गेला, घरघर झाली, आणि पेटी लाल. आकडा वर, आणखी वर. अब्बांनी चहासाठी मशीन थांबवलं. आकडा हळूहळू उतरला. पुन्हा मशीन, पुन्हा लाल.

"बिघडली!" मी स्वयंपाकघरात जाऊन अम्मीला म्हटलं. "काल एवढी चांगली चालत होती, आज वेड्यासारखं करतेय."

अम्मीचा हात पिठात थांबला. ती म्हणाली, "लोबानानं तर न्हाई ना बिघडली?"

"कसला लोबान?"

"काल गुरुवार न्हवता का? दुकानात लोबान फिरवला. त्या डब्याला बी दाखवला चांगला. नवी वस्तू हाय, लोकांची नजर लागती, एसटीत सगळ्यांनी बघितलीय असं तूच म्हनालीस."

या अल्ला! आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला लोबानाचा धूर दाखवतात. शिलाई मशीन, भावाची मोटारसायकल, माझा मोबाइल, सगळ्यांना दाखवलाय. दर गुरुवारी घरभर तो वास असतो, म्हणून नाकाला त्याचं काही वाटतच नाही. मी गच्चीवरून खाली आले तेव्हाही असणारच, पण मला तो वास आलाच नव्हता. आणि फौजीकाकांच्या गुन्ह्याचा म्हणून जो आकडा मी लाल शाईनं लिहिला, खाली दोन रेघा मारून, तो आमच्या अम्मीच्या धुपाटण्याचा होता. मी आधी हसले. मग हसू थांबलं. लोबानानं गुरुवार समजला, पण आजचं काय? आज तर लोबान नव्हता.

आता मला ती सांगलीची मुलगी आठवली. वही काढली. शनिवारी आणि रविवारी मी तिनं सांगितलं होतं तसंच केलं. सकाळी धुकं गेल्यावर, दुपारी आणि दिवेलागणीला. खिडकीत, अंगणात, मशीनजवळ. तीन-तीनदा. शेजारी लिहिलं: मशीन चालू, मशीन बंद, पाचट धुमसतंय, धूर नाही. फौजीकाकांचा धूर आमच्या घरी येत होता, ते खोटं नव्हतं. धूर आला की आकडा चढत होता. पण तो वर्षाकाठी दोन-चार दिवसांचा. अब्बांचं मशीन रोज चालायचं, आणि प्रत्येक वेळी त्याचा आकडा त्या धुराच्या वर. लोकांच्या दहा-दहा वर्षांच्या जुन्या गाद्यांतली धूळ, बंद खोलीत, रोज, आयुष्यभर. अब्बांच्या छातीत ती बसली होती, आणि आम्ही बोट दाखवत होतो खिडकीबाहेर.

मला रडू आलं. राग पण आला, पण कुणावर काढायचा? उद्या सोमवार होता आणि अर्ज टेबलावर पडला होता, त्यात माझं वळणदार अक्षर.

रविवारी दिवेलागणीला मी अब्बांसमोर वही ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. लोबान सांगितला, मशीन सांगितलं. अब्बांनी वहीची पानं उलटली. "कापूस म्हंजे धूळ व्हय?" ते म्हणाले. "माज्या बानं केलं, मी केलं. कापसानं तुमाला खायला घातलं. आन् आता कापूस मला मारतोय?" मी म्हटलं, "अब्बा, मी नाही म्हणत. तुम्हीच बघा." आणि पेटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मशीन सुरू केलं, आकडा बघितला. बंद केलं, थांबले, बघितला. परत सुरू केलं. असं पाच वेळा. गिऱ्हाईक कापूस आणून देतो तेव्हा अब्बा असाच मूठ-मूठ उचलून पुन्हा पुन्हा बघतात, तो नवा आहे की जुना. सहाव्या वेळी त्यांनी मशीनचं बटण दाबलंच नाही. तिथंच कापसाच्या ढिगावर बसले आणि खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "अर्ज दे हिकडं."

मला वाटलं, फाडणार. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, टोपी घातली, पेटी काखेत मारली आणि मागच्या दारानं निघाले. मी मागं. उसाचं जळकं रान तुडवत, पायाला काळी राख लागत, आम्ही फौजीकाकांच्या अंगणात गेलो. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. फौजीकाका खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. अब्बांना बघून ते ताडकन उठले.

"फौजी, तुज्यावर अर्ज लिवला हुता," अब्बा म्हणाले आणि कागद पुढं केला. "त्यातला आकडा खोटा हाय. तो आमच्या घरातल्या लोबानाचा हाय. ह्या माज्या विद्वान लेकीनं लिवलाय."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. फौजीकाकांनी चष्मा लावला आणि अर्ज सावकाश वाचला, शेवटच्या 'आपला विश्वासू'पर्यंत. मग म्हणाले, "अक्षर लय झ्याक हाय पोरीचं."

"चेष्टा सोड," अब्बा म्हणाले. "तुजा धूर बी येतो, ते खरं. पर माजंच मशीन मला खातंय, ह्यो डबा सांगतोय. ते ऱ्हाऊ दे. मला यवढं सांग, ह्या साली गादी का न्हाई आणलीस? मी आठ दिस हात बांधून बसलो हुतो रं!"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "आवं, आता तरी दावा की त्यास्नी," त्या म्हणाल्या.

काकांनी अब्बांना आत नेलं. कोपऱ्यात ती गादी उभी गुंडाळून ठेवली होती. नुसत्या गाठी झालेल्या, हात लावला तर दगडासारख्या. खाली जमिनीवर एक घोंगडं अंथरलेलं होतं. "दिवाळीपास्नं त्यावरच निजत्यात," काकू म्हणाल्या. "पाठ धरलीया, रोज शेकून देतीय मी. दुसऱ्या कुनाकडं द्या म्हटलं तर अंगावर येत्यात."

"तुजा खोकला माज्या गोठ्यापतुर आयकू येतो, उस्ताद," फौजीकाका म्हणाले. "मशीनची घरघर बंद झाली की खोकला चालू. वरीसभर आयकतोय. माजी गादी आणली असती, तर तू ती दोनदा पिंजली असतीस. माज्या पाठीपायी तुजी छाती फाडू व्हय?"

मी पेटी घ्यायला हात पुढं केला तर ती अब्बांनी काखेतच घट्ट धरली होती. मी सांगलीहून लेसर आणला, पंखा आणला, चार दिवस मोजलं, वही भरली. आणि हा माणूस गोठ्यात म्हशीचं दूध काढता काढता वर्षभर तेच ऐकत होता.

"मग बोलायचं न्हाईस व्हय, गाढवा?" अब्बा शेवटी म्हणाले.

"बोललो असतो तर तू पिंजायचं सोडलं असतंस का?"

"न्हाई."

"मग!"

आता मशीन दुकानातून काढून मागच्या उघड्या पत्र्याखाली बसवलंय. अब्बा नाकाला ओला पंचा बांधतात आणि मी वळले की सोडतात. फौजीकाकांनी शिल्लक पाचटातल्या अर्ध्याची कुट्टी करून रानातच पसरली. उरलेलं मात्र पेटवलंच, त्यावर माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. पेटी मी सांगलीला परत केली आणि शाळेसाठी एक मागितली. ती मंजूर झाली तेव्हाही मी ओरडले.

पण पेटी परत करायच्या आदल्या दिवशी अब्बांनी ती गादी उसवली. फौजीकाकांच्या अंगणात, उघड्या वाऱ्याला, आजोबांचं धनुष्यासारखं जुनं हाताचं पिंजण माळ्यावरून काढून. त्याच्या ताणलेल्या तातीचा तो आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. मी पेटी कुंपणाच्या दगडावर ठेवली होती आणि फौजीकाका तिच्यासमोर पहाऱ्यावर असल्यासारखे उभे होते. दिवा हिरवा, मध्येच पिवळा. एकदा सगळा कापूस पिंजून झाला. अब्बांनी तो पुन्हा पुढ्यात ओढला आणि पिंजण उचललं.

"बास," फौजीकाका म्हणाले.

"अजून गाठी हायत त्यात."

"असू देत. एकदाच."

अब्बांनी पिंजण हातात तसंच धरलं होतं. ते एकदा पेटीकडं बघत होते, एकदा फौजीकाकांकडं. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि गादी भरायला घेतली. आमच्या फौजीकाकांची गादी पहिल्यांदाच एकदा पिंजलेली आहे, आणि ते तिच्यावर रोज झोपतात.